नटबोल्टवर ठेवलेली लाइन

पाइपाला तळहाताची मागची बाजू लावायची, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "घाई नको बाय, पाण्याला विचारू." आमच्या कामावरच्या फिटरकाकांची ही सवय. पाण्याशी असं बोलणारं माणूस तुम्ही कुठे पाहिलंय का? मी तरी एकच पाहिलं, परळच्या एका इस्पितळाच्या तळघरात.

काका लालबागचे. तरुणपण गिरणीच्या बॉयलरखात्यात गेलं, मग मिळेल तिथे पाइप फिटिंग. बाळंतिणींच्या नव्या वॉर्डाला गरम पाणी द्यायचं होतं आणि आराखडा माझा होता. मी नवी इंजिनिअर, नाकावर माशी बसू न देणारी.

हीट एक्स्चेंजर म्हणजे पातळ पत्र्यांची थप्पी. पत्र्याच्या एका अंगाने बॉयलरचं पाणी वाहतं, दुसऱ्या अंगाने न्हाणीचं. दोघं कधी भेटत नाहीत, नुसती ऊब पलीकडे जाते. काका हे सांगायला लागले की पंपांचा आवाज लांब गेल्यासारखा वाटे, पेंगताना आईचं बोलणं ऐकू यावं तसा.

"बाय, गरम वरून येतंय ना? मग थंड खालून घे. समोरासमोर जाऊ दे दोघांना. तू दोन्ही वरूनच घेतलंस."

"काका, आराखड्याप्रमाणे करा."

त्यांनी केलं.

चाचणीला पाणी आलं ते कोमट. दुसऱ्या दिवशी वॉर्ड उघडणार होता. कंत्राटदार ओरडला, "कोणी माती खाल्ली?" मला नोकरीला लागून दोनच महिने झालेले.

"माझ्या हातून उलटं लागलं, साहेब," काका म्हणाले. "तासाभरात बदलतो."

आणि खरंच बदललं. थंड पाण्याच्या लाइनी त्यांनी वेल्डिंग न करता नटबोल्टवर ठेवल्या होत्या, मला कधीतरी पटेल या भरवशावर. नळाला वाफाळतं पाणी आलं. कंत्राटदाराने मात्र काकांना पुन्हा कामावर बोलावलं नाही. मी तोंड उघडलं नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

वर्षभराने धीर करून त्यांच्या चाळीत गेले, तर भिंतीवर हार घातलेला फोटो. शेवटच्या कामात आपण चुकलो असंच ते सांगत राहिले, काकी म्हणाल्या.

"काकी, चूक माझी होती."

काकींनी फोटोवरचा हार सरळ केला. "माका ठावक होता गो. ह्येंचो हात असो चुकाचो नाय." मग कप माझ्याकडे सरकवला. "च्या पी."