बर्फावर पडलेला हातमोजा

कॅनडात लेकीकडे आल्यापासून टीव्हीवर बर्फावरची हॉकी बघतोय. तिच्या लाडक्या संघात एक दांडगा गडी होता. गोल करणं त्याचं काम नव्हतंच. "आपल्या संघातल्या हुशार पोराला कुणी धडक दिली ना बाबा, की हा हातमोजे फेकून त्याला ठोकतो," तिनं मला समजावलं होतं. गेल्या आठवड्यात संघानं त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं.

आज तो समोरच्या संघाकडून खेळत होता. त्याच्या नव्या सोबत्यानं त्याच हुशार पोराला आडवं केलं, आणि सवयीनं याचा हातमोजा बर्फावर पडला. मग अंगावरचा नवा शर्ट आठवला असावा. वाकून त्यानं हातमोजा उचलला, गुपचूप हातात चढवला.

तेव्हापासून मी घरभर येरझाऱ्या घालतोय. ऑफिसात साहेबांशी भांडायला आम्ही नेहमी सावंतांना पुढे करायचो. त्यांची बदली झाली तेव्हा शाल-श्रीफळ दिलं, आणि "सुटलो बुवा कटकटीतून" असं आपसांत म्हणालोसुद्धा. निघताना ते मला म्हणाले, "काही अडलं तर फोन करा हं."

पुढं काही अडलं नाही, म्हणून मी कधी फोन केलाच नाही.