पाय न टेकण्याची शर्यत

आमच्या वस्तीत तिला कोणी ट्रायल म्हणत नसे. इतवारीच्या पलीकडे, जिथं सकाळपासून घराघरातून हातमागांचा आवाज यायचा, तिथं लोक विचारायचे, "रविवारी पाय न टेकायची शर्यत हाय काय गा?" मला ते नाव आवडायचं. मोटारसायकल दगडधोंड्यांतून, कोरड्या नाल्यातून, चढावरून न्यायची आणि पाय जमिनीला लावायचा नाही, एवढाच तो खेळ होता. वेगाचा त्यात काही संबंध नव्हता. कोण आधी पोचलं हे कोणी विचारत नसे.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायला तेव्हा पाच-सहा वर्षं होती. मी सदरमधल्या एका मोटार गॅरेजात मिस्त्री होतो. वडील आणि दोघं भाऊ लुगडी विणत. माझं मागावर मन लागलं नाही म्हणून वडिलांनीच ओळखीच्या माणसाकरवी मला गॅरेजात लावून दिलं होतं. मालक पारशी होते, साठीकडे झुकलेले. या शर्यती भरवणाऱ्या क्लबात जे मोजके हिंदुस्थानी सभासद होते त्यांत ते एक. बाकी रेल्वेचे आणि पोलिसांचे गोरे अधिकारी, रेल्वे वसाहतीतले काही अँग्लो-इंडियन, एक डॉक्टर, एक वकील आणि कामठीच्या बाजूचे एक मालगुजार, म्हणजे जमीनदार. सगळे मिळून वीस-बावीस जण थंडीच्या दिवसांत दर महिन्याच्या एका रविवारी शहराबाहेर गोरेवाड्याकडे जमायचे.

मी पहिल्यांदा गाडी घेऊन उतरलो तो मालकांच्या गुडघ्यामुळे. शुक्रवारी दुपारी ते लंगडत आले आणि मला म्हणाले, "मेरा घुटना नहीं मानता. गाडी लेके तू जा." गॅरेजच्या नावानं एक माणूस उतरवायची मुभा होती. मी ती गाडी इतक्या वेळा खोलून जोडली होती की तिचा कुठला आवाज कशाचा हे मला झोपेतही सांगता आलं असतं. पण नाल्यात मी ती कधी घातली नव्हती.

खेळ असा चालायचा. रस्त्यात आठ-दहा अवघड टप्पे आखलेले असत. प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना चुन्याच्या रेघा, सुरुवातीला आणि शेवटी पांढरी निशाणं. टप्प्यावर एक पंच हातात कार्ड आणि पेन्सिल घेऊन उभा. एकदा पाय टेकला की एक दंडगुण, गाडी रेघेबाहेर गेली किंवा पडली की पाच. ज्याचे दंडगुण सगळ्यांत कमी तो जिंकला.

सगळ्यांत वाईट टप्पा नाल्यातला होता. मधोमध गुडघ्याएवढा उंच काळा दगड, त्याच्यावर गाडी चढवली की लगेच डावीकडे वळण आणि वळणावर बाभळीचं झाड. जवळजवळ सगळे तिथं पडत, कारण चढण्यासाठी जोर लावावा लागे आणि त्याच जोरानं माणूस बाभळीत जाई. मी दगडावर चढलो आणि घाबरून थांबलो. पुढचं चाक वळवून, दोन्ही पाय गाडीच्या पायदानांवर ठेवून, क्लच दाबून गाडी जागच्या जागी तोलून धरली. दोन-तीन श्वास तसाच उभा राहिलो, वळण नीट पाहिलं, मग हळूच क्लच सोडला आणि निघून गेलो. पंचानं कार्डावर शून्य लिहिलं. त्या दिवशी मी तिसरा आलो.

तो पंच माझ्यापेक्षा दोनेक वर्षांनी मोठा होता. बांधकाम खात्यात नकाशे काढायचा. इंग्रजी अक्षर छापल्यासारखं होतं म्हणून क्लबानं त्याला पंच म्हणून घेतलं होतं. त्याला स्वतःला गाडी येत नव्हती. सायकलवरून गोरेवाड्यापर्यंत यायचा. शर्यत संपल्यावर तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "तू त्या दगडावर उभा कसा राह्यला गा? मले पुन्हा दाखव." मी दाखवलं. नंतर दर शर्यतीला तो माझ्याच मागच्या सीटवर बसून येऊ लागला. त्याचं लग्न झालं तेव्हा मी त्याच्या वऱ्हाडात होतो, माझं झालं तेव्हा तो माझ्या. आमच्या बायकांचीही गट्टी जमली.

पुढची दोन वर्षं मी गॅरेजमागच्या गल्लीत रोज संध्याकाळी गाडी उभी तोलायचा सराव केला. दुसऱ्या वर्षी पहिला आलो. चांदीचा छोटा कप मिळाला. मालकांनी तो गॅरेजात हिशेबाच्या टेबलावर ठेवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत राहिले.

त्यानंतरच्या हंगामाच्या सुरुवातीला क्लबाच्या चिटणीसांनी सभा घेतली. ते रेल्वेत मोठ्या हुद्द्यावर होते. उंच, हडकुळे, फार कमी बोलणारे. त्यांनी नवा नियम वाचून दाखवला. टप्प्यात गाडी थांबली, मग पाय टेको वा न टेको, पाच दंडगुण. कारण सांगितलं की लोक थांबून थांबून जातात, मागच्यांना उन्हात ताटकळावं लागतं, शर्यत दुपारपर्यंत लांबते.

ते खरंच होतं. माझं पाहून आणखी चार-पाच जण थांबायला शिकले होते. एकेका टप्प्यापाशी मागच्यांना पाव पाव तास थांबावं लागत होतं. पण सभेत काही माणसांनी माझ्याकडे पाहिलं, ते मला दिसलं. सभा संपल्यावर चिटणीस स्वतःहून माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "रूल तुम्हारे लिए नहीं बदला. वक्त बहुत लगता है." मी मान हलवली. त्यांच्या मनात काय होतं हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही सांगता येणार नाही. ते खोटं बोलणारे गृहस्थ वाटले नव्हते, एवढं मात्र खरं.

मी न थांबता चालवायचा सराव केला. पण दोन वर्षांची सवय अंगात मुरली होती. हंगामातल्या शेवटच्या शर्यतीत, नाल्यातल्या त्या दगडावर, मी चढलो आणि हात आपोआप क्लचवर गेला. क्षणभरच. एवढ्यात मी वळून पार झालो. माझ्या मते गाडी सरकतच होती. माझ्या मित्रानं कार्डावर पाच लिहिले. त्या पाचामुळे मी पहिल्याचा चौथा झालो.

मी कार्ड पाहिलं आणि त्याला बाजूला घेतलं.

"हे काय लिहिलं तू?"

"थांबला होता तू."

"मी नाही थांबलो. सरकून राहिलो होतो."

"चाक थांबलं होतं गा. मी चाकाकडेच पाहून राहिलो होतो."

"तुले एवढं बारीक पाहाले कोणी सांगितलं?"

"त्याच्यासाठीच तर उभं केलं ना मले," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. त्याचा मला जास्त राग आला. मी त्याला म्हणालो की साहेबाची मर्जी राखायला त्यानं हे केलं. त्यानं कार्डं गोळा करून चिटणीसांकडे दिली आणि चालत निघाला. त्या दिवशी सायकल आणली नव्हती, कारण तो माझ्या मागं बसून आला होता. गोरेवाड्यापासून त्याच्या घरापर्यंत तो उन्हात पायी गेला. मी त्याच रस्त्यानं त्याच्या जवळून गाडी काढली आणि थांबलो नाही. आयुष्यात लाज वाटावी अशा ज्या गोष्टी केल्या, त्यांत ही बरीच वरची आहे.

आमचं बोलणं बंद झालं. बायकांचं चालू होतं. माझी बायको एकदा जेवताना म्हणाली, "तुमचं दोघायचं भांडण एका दगडावरून झालं, हे लोकायले सांगू तरी कसं?" 

इकडे क्लबाचं निराळंच चाललं होतं. न थांबता जायचं म्हटल्यावर वयस्क मंडळींना जमेना. डॉक्टर दोनदा पडले, मनगट सुजलं, मग त्यांनी येणं सोडलं. त्यांच्या पाठोपाठ वकील आणि मालगुजार. माझे मालक गुडघ्याचं निमित्त सांगून घरी बसलेच होते. माणसं कमी झाली म्हणून चिटणीसांनी टप्पे सोपे केले. तेव्हा रेल्वे वसाहतीतली तरुण पोरं, जी खरी पट्टीची चालवणारी होती, ती म्हणू लागली की यात आता राहिलं काय. तीही येईनाशी झाली. पुढच्या हंगामात टप्पे पुन्हा अवघड झाले आणि नवा नियम आला, की एका टप्प्यात पाय कितीही वेळा टेकले तरी तीनच दंडगुण. नवख्यांना धीर यावा म्हणून. झालं असं की नवखे दोन्ही पायांनी जमीन रेटत बदकासारखे टप्पा पार करू लागले, आणि पाय टेकायचे नाहीत म्हणून जो पडला, त्याला पाच. बघायला येणारे लोक हसायचे. आमच्या वस्तीतला एक जण मला म्हणाला, "आता ही पाय टेकायची शर्यत झाली की गा." दोन हंगामांत बावीसचे नऊ झाले.

चिटणीसांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. प्रत्येक नियमामागं कारण होतं आणि ते ऐकताना पटायचंही. ते दर वेळी कुणाला तरी परत आणायला नियम बदलत, आणि दर वेळी दुसराच कुणीतरी जाई.

पंचही मिळेनात. माझ्या मित्रानं त्या भांडणानंतर पंचाचं काम सोडलं होतं. एका शर्यतीच्या आदल्या दिवशी माझ्या गाडीचा व्हॉल्व्ह गेला आणि सुटा भाग मुंबईहून यायचा होता. चिटणीसांनी निरोप पाठवला की उतरता येत नसेल तर पंच म्हणून या. मला नाल्याचा टप्पा दिला.

कार्ड आणि पेन्सिल घेऊन मी बाभळीजवळ उभा राहिलो. तिथून तो दगड निराळाच दिसत होता. आपण गाडीवर असताना सगळं हलत असतं, इंजिन थरथरतं, हँडल थरथरतं, चाक थांबलं की नाही हे अंगाला कळत नाही. खालून पाहणाऱ्याला चाक स्वच्छ दिसतं. एकेक आरा मोजता येतो.

सहाव्या क्रमांकावर चिटणीस आले. दगडावर सुंदर चढले. वळणापाशी गाडी थांबली. अगदी डोळ्याची पापणी लवेल एवढा वेळ. आरे स्थिर झाले, मग पुन्हा फिरले आणि ते पार निघून गेले. पाय टेकला नव्हता. आजूबाजूला बघणारं कोणी नव्हतं. त्यांचा हा शेवटचा टप्पा होता आणि तोपर्यंत तेच पुढं होते.

मी बराच वेळ पेन्सिल हातात धरून राहिलो. सदरमधल्या गॅरेजात निम्म्या गाड्या त्यांच्या ओळखीनं येत होत्या, हेही डोक्यात येऊन गेलं. मग पाच लिहिले.

ते कार्ड घ्यायला परत आले. पाहिलं. मला वाटलं आता विचारतील. त्यांनी खिशातून रुमाल काढून घाम पुसला आणि म्हणाले, "हां. रुक गया था." कार्डावर सही केली आणि गेले.

त्याच दुपारी मी मित्राच्या घरी गेलो. तो अंगणात बाज विणत बसला होता. त्याची बायको म्हणाली, "बसा ना, उभे काहून?" आणि आत गेली. मी त्याला सगळं सांगितलं. चाक कसं दिसतं ते, आणि पेन्सिल हातात धरून मी किती वेळ उभा राहिलो ते. त्या दिवशी त्याच्या जवळून गाडी काढली त्याबद्दलही बोललो. ते बोलायला जड गेलं.

तो सुंभ ओढत राहिला. मग म्हणाला, "मलेही लई वेळ लागला होता लिहाले. तू समजला की मी झटकन लिहिले."

"तेव्हा काहून नाही सांगितलं?"

"तू ऐकून राहिला होता काय?"

त्यानं सुंभाचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. संध्याकाळपर्यंत आम्ही ती बाज पुरी केली.

पुढच्या हंगामात तो पुन्हा पंच झाला, पण हंगाम असा उरलाच नव्हता. युद्ध सुरू झालं. गोरे अधिकारी एकेक करून फौजेत गेले. मग पेट्रोल मोजून मिळू लागलं आणि ज्याला कामासाठी पुरत नाही तो ते नाल्यात कशाला जाळेल? शेवटच्या शर्यतीला आम्ही तिघं उतरलो आणि पंच चार होते. चिटणीस त्या तिघांत होते. त्यांनी सगळे टप्पे आखले होते, चुनासुद्धा स्वतःच टाकला होता. ते जिंकले, मी दुसरा. महिन्याभरानं त्यांची बदली झाली. जाताना गॅरेजात येऊन त्यांनी क्लबाची नियमांची वही मालकांकडे ठेवायला दिली.

युद्ध संपल्यावर, स्वातंत्र्य मिळायच्या आदल्या थंडीत, धंतोलीतल्या काही तरुणांना ही शर्यत पुन्हा सुरू करायची हुक्की आली. फौजेतून विकायला निघालेल्या गाड्या त्यांनी घेतल्या होत्या. गॅरेजात सभा भरली. सात जण आले. थांबलं तर पाच की शून्य, इथून बोलणं सुरू झालं. दोघं म्हणाले थांबू द्यावं, तिघं म्हणाले नाही. एकानं नियमच नकोत असं सुचवलं. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, कोणताही नियम धरा, पण पाच वर्षं बदलू नका. ते त्यांना फार पटलेलं दिसलं नाही. माझ्या मित्रानं सभेचं टिपण त्याच्या त्या छापल्यासारख्या अक्षरात लिहून घेतलं आणि पुढचा रविवार ठरवला.

त्या रविवारी गोरेवाड्याला आम्ही दोघंच गेलो. दहापर्यंत वाट पाहिली. मग त्यानं विचारलं, "मले शिकवतं काय चालवाले?" त्याचं वय तेव्हा चाळिशीला टेकलं होतं. मी त्याला पुढं बसवलं, मागून हँडल धरलं आणि आम्ही सपाट मैदानात पहिला गिअर टाकला.