दोघांनी एकदम थांबायचं नाही

सकाळी कॉलेजला निघायच्या गडबडीत फोन वाजला. पलीकडून कुकरची शिट्टी तेवढी ऐकू आली. मग दत्ताअण्णांच्या बायकोचा, अक्कांचा आवाज आला, "सर, हे उठेनात बघा..." कितीतरी वर्षं मी ज्या फोनला भीत होतो तो हाच. विद्यानगरातून कमरीपेठेपर्यंत स्कूटर कशी चालवली ते आठवत नाही. दत्ताअण्णा कॉटवर कुशीला वळून झोपल्यासारखे पडले होते आणि कोपऱ्यात त्यांचा ट्यूबा जुन्या चादरीखाली होता. याला आता महिना होऊन गेला.

अण्णांनी सारी नोकरी पलटणीच्या बँडमध्ये काढली. ट्यूबा म्हणजे मांडीवर घेऊन फुंकायचं ते अगडबंब पितळी वाद्य, बँडचा सगळ्यात खालचा स्वर. निवृत्त होऊन हुबळीत परतल्यावर ते हौसेनं वरातींत वाजवत. नव्वदच्या आसपास अशाच एका वरातीत मी त्यांना गाठलं आणि शाळेच्या बँडमध्ये शिकलेला फ्रेंच हॉर्न, वेटोळ्या नळीचं ते पितळी वाद्य, घरी पडून असल्याचं सांगितलं. "मग घेऊन या की," ते म्हणाले. "नुसतं सांगून काय वाजतंय का?"

गेलो, पण वाजवायचं काय? ही दोनच वाद्यं घेऊन बसावं असं जगात फारसं कुणाला सुचलेलं नाही. धारवाडला सुभाष रोडवरच्या वाद्यांच्या दुकानात विचारलं तर मालकानं कनवाळूपणे हार्मोनियम दाखवली. शेवटी माझ्या भाच्यानं मुंबईहून दोन फ्रेंच हॉर्नसाठीच्या जुगलबंदीच्या झेरॉक्स पाठवल्या. खालची ओळ अण्णांनी ट्यूबावर घेतली. ऐकायला भयंकर वाटलं, पण विलायतेत आजकाल असंच वाजवत असतील अशी आम्ही स्वतःचीच समजूत घातली आणि दर रविवारी मन लावून तो गोंगाट घोटला. खरी गोष्ट अशी की कागदावर सा लिहिलेला असला की माझ्या हॉर्नमधून त्याच्या खालचा मध्यम निघतो. अण्णा मात्र लिहिलेला सा तसाच वाजवत होते. हे ध्यानात आलं तेव्हा अण्णा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, आणि स्वयंपाकघरातून अक्का म्हणाल्या, "मला वाटलं, भांडताय."

त्यानंतर दोन-तीन वर्षांत अण्णांना जिना चढताना दम लागायला लागला. हृदय वाढलंय, फुंकणं बंद करा, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. "फुंकायचं नाही तर मग राहिलं काय हो?" अण्णा मलाच विचारत. मी हॉर्न घेऊन जाणं टाळू लागलो. माझ्यासमोर, माझ्या साथीला वाजवताना त्यांना काही झालं तर, ही भीती होती. शेवटी अक्कांनीच निरोप पाठवून बोलावून घेतलं. "वाजवा तुम्ही. न वाजवता हे नुसतं भिंतीकडं बघत बसतेत. पण दोघांनी एकदम थांबायचं नाही. आवाज बंद पडला की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही बघा."

छापलेल्या सगळ्या जुगलबंद्या या एका अटीपाशी बाद झाल्या. प्रत्येकीत कुठे ना कुठे दोघांनाही विसावा असतोच, आणि तिथं पोचलो की अक्का पिठाचे हात तसेच घेऊन दारात. अण्णांनी मग पलटणीतली युक्ती काढली. तिथं दोन ट्यूबावाले शेजारी बसून आळीपाळीनं श्वास घेत, म्हणजे खालचा स्वर तुटत नसे. "इथं दुसरा ट्यूबावाला तुम्हीच," ते मला म्हणाले. आम्ही भूपात एक संथ गत बांधली आणि श्वासाच्या जागा लाल पेन्सिलीनं खुणावल्या. त्यांची खूण आली की मी सा धरायचा आणि ते परत आत येईपर्यंत सोडायचा नाही. आमचं म्हणावं असं तेवढंच एक संगीत. ऐकणाऱ्याला ते शांत वाटलं असतं. मला मात्र त्या प्रत्येक लाल खुणेची भीती वाटायची. सा धरून मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्यांची छाती हलतेय का ते बघायचो. एकदा ते आत आलेच नाहीत. मी धरून राहिलो, डोळ्यांपुढे काजवे चमकले, मान वळवायची हिंमत होईना. वळवली तर अण्णा खुर्चीखाली पडलेला चष्मा चाचपत होते!

गेले ते मात्र झोपेत, एकही स्वर न काढता. मी इतकी वर्षं भलत्याच जागी राखण करत बसलो होतो.

परवा अक्कांनी हॉर्न घेऊन बोलावलं. "त्या खोलीत पाय ठेवायला भ्या वाटतंय. एकदा वाजवा, मी आत हाय," म्हणाल्या. ट्यूबावरची चादर तशीच होती, समोर अण्णांची खुर्ची. मी माझी ओळ सुरू केली. पहिली लाल खूण आली. सा धरला... आणि लक्षात आलं की आता हा सोडवायला कुणी येणार नाही. सोडला की घर गप्प होणार, आणि अक्का दारात येणार. ओठ थरथरायला लागले, छाती रिकामी झाली, तरी मी भीतीनं धरूनच ठेवला. शेवटी तुटला.

स्वयंपाकघरातली भांडी थांबली. पिठाचे हात तसेच घेऊन अक्का दारात आल्या. सवयीनं आधी त्या खुर्चीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"घ्या सर, श्वास घ्या," त्या म्हणाल्या. "मी हाय इथं."