प्रयागबाईची जीभ आणि तीन बेटं

बेला गावात कुणाच्या शेतात विहिरीला नवं पाणी लागलं की पहिला तांब्या प्रयागबाईकडे यायचा. ती घोटभर पाणी तोंडात फिरवायची, बाजूला थुंकायची आणि सांगायची, हे माणसांना, हे बैलांना, हे नुसतं कपाशीला. त्यावर कुणी वाद घालत नसे. दारूला मात्र तिनं जन्मात तोंड लावलं नव्हतं.

१९८९च्या उन्हाळ्यात तिचा भाचा दौलत सुटीवर आला. भूमध्य समुद्रात प्रवासी फिरवणाऱ्या बोटीवर तो वाढपी होता. त्यानं ट्रंकेतून तीन बाटल्या काढल्या. सिसिली, सार्डिनिया आणि सँटोरिनी या तीन बेटांची पांढरी वाइन.

"मावशी, मोठ्या पाहुण्यांच्या टेबलावर वाढाचं तर चव ओळखून दाखवा लागते. मी दोनदा नापास झालो. मले तिन्ही सारख्याच लागतात."

"आण, पाहू."

"दारू हाय, मावशी."

"मी कुठं पिऊन राह्यली? थुंकून टाकीन."

"तिथले जाणकारबी थुंकतेत."

"मंग शहाणे हायेत."

बाटल्या दिवसभर ओल्या फडक्यात गुंडाळून माठाला टेकवून ठेवल्या. संध्याकाळी अंगणात चहाचे तीन ग्लास मांडले. सिसिली चाखून प्रयागबाई म्हणाली, "संत्रं. गोड वाटते, पण नाही." सार्डिनियाला म्हणाली, "शेवटी कडू. काकडीचं देठाकडलं टोक." सँटोरिनी तिनं तोंडात दोनदा फिरवली. "लिंबू, मीठ अन् गारगोट्या घासल्याचा वास."

दौलतनं पाठीमागे जाऊन ग्लास अदलून-बदलून आणले. ती एकदाही चुकली नाही. मग तिनं भाच्याला कामाला लावलं. आठ दिवस तो सकाळी काकडीचं कडू टोक चावायचा आणि नाल्यातल्या गारगोट्या घासून हुंगायचा. शेजारच्या देवकाबाईनं विचारलं, "पोरगं असं काऊन करते?" प्रयागबाई म्हणाली, "नोकरीचा अभ्यास हाय."

पोळ्याच्या सुमारास पत्र आलं. दौलत पास झाला होता. सार्डिनिया कशी ओळखली, असं परीक्षा घेणाऱ्या साहेबानं विचारलं, तर तो काकडी म्हणाला आणि साहेबानं ते वहीत लिहून घेतलं.

पुढच्या सुटीत त्यानं सँटोरिनीचा फोटो आणला. वारा फार म्हणून तिथं वेली मांडवावर चढवत नाहीत, टोपलीसारख्या गुंडाळून जमिनीवरच ठेवतात. प्रयागबाईनं फोटो उजेडात धरून बराच वेळ पाहिला.

"विहिरी कुठं हायेत?"

"नाहीत, मावशी. पावसाचं पाणी टाक्यात साठवतेत."

तिला त्या लोकांची फार काळजी वाटली. पुढचे चार दिवस ती दौलतला त्या टाक्यांबद्दलच विचारत राहिली.