उलट्या एकाच्या, आजार दोघांना

“पोट बघा, पोट! डोक्याचा डॉक्टर कशाला?” मी ओरडत होते. कॅम्प दोन या वस्तीतल्या त्या दवाखान्यातून माझा आवाज खालच्या बाजारात गेला आणि घासाघीस करणाऱ्या बायका, शप्पथ सांगते, गप्प झाल्या.

मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाई मात्र ढिम्म. “ताई, पोट उत्तम आहे. अमोलला अँक्झायटी आहे.” म्हणजे धास्तीचा आजार. धास्ती मनात, त्रास अंगात.

अमोल माझा नववीतला. युनिफॉर्म दिसला की उलटी. एण्डोस्कोपी झाली, म्हणजे तोंडातून कॅमेरा घालून पोट बघणं. सोनोग्राफी झाली. त्याच्या पोटाचे जेवढे फोटो निघाले तेवढे माझ्या लग्नातही निघाले नव्हते. सगळं नॉर्मल.

सुरुवात पुरानंतरची. मांजर्लीतल्या आमच्या घरात पाणी पंख्याला लागलं होतं. (मी सांगते तेव्हा पंखा फिरतही असतो.) बुद्धविहारात पूरग्रस्तांना जुने कपडे वाटले, त्यात माझ्या दोन्ही पोरांच्याच शाळेचे दोन शर्ट, जवळजवळ कोरे. मी झडपच घातली. ते निघाले त्यांच्याच वर्गातल्या एकाचे. भर वर्गात तो दोघांनाही म्हणाला, “शर्ट मेरा है, उतार!” मग रोज तेच, आणि वर्गाच्या टाळ्या. अमोलने हे डॉक्टरांना सांगितलं. मला नाही.

त्याचा जुळा भाऊ अमित मजेत आहे असं मी धरून चालले होते. तेव्हाही तो बाहेर कंपाउंडरची नक्कल करून पेशंटांना हसवत होता. डॉक्टरांनी त्याला आत घेतलं.

“मित्र किती?”

“अख्खा वर्ग!”

“घरी कोण येतं?”

त्याने पुन्हा कंपाउंडरची नक्कल सुरू केली.

“झोप लागते?”

नक्कल अर्ध्यातच थांबली.

त्याला डिप्रेशन होतं, म्हणजे कशातच जीव न रमणं. “छळ एकच, पण तो प्रत्येक मुलात वेगळा दिसतो,” डॉक्टर म्हणाल्या. “हा उलट्या करतो. तो जागा राहतो आणि दिवसभर लोकांना हसवतो.”

“मला का नाही सांगितलंस?” मी अमितवर खेकसले.

“तू अमोलला घेऊन लाइनीत असायचीस.” आणि वर, “मी परत येणार नाय. मी काय मेंटल आहे?”

मग मी पदर खोचला आणि शाळा गाठली. मुख्याध्यापक म्हणाले, “पोरं मस्करी करतात हो.” मी त्यांच्या खुर्चीसमोर अशी बसले की शिपायाने माझ्याभोवतीनं केर काढला. त्या शर्टवाल्या मुलाचे आईवडील आले तेव्हाच उठले. वर्गातल्या टाळ्या थांबल्या. अमोलचं काउन्सेलिंग सुरू झालं, म्हणजे बोलून बोलून धास्ती सैल करणं. उलट्या हळूहळू कमी झाल्या. अमित मात्र दवाखान्याचं नाव काढलं की घराबाहेर. मी ओढून नेलं नाही. रोज त्याच्याजवळ बसायचे, तोंड बंद ठेवून. माझ्यासाठी ते ऑपरेशनपेक्षा अवघड.

आयांनो, बापांनो, आजारी दिसणाऱ्या पोराला सांभाळाच. पण शेजारी खिदळणाऱ्यालाही विचारा, झोपलास का रे? त्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, म्हणून माझी दोन्ही पोरं मला कळली.

एका सकाळी अमोल बूट घालून दारात उभा. अमित अंथरुणातच. “ऊठ की! शाळेला उशीर झाला!” मी बिल्डिंग हलवली.

“त्या डॉक्टरीणबाईंकडे नंबर लावलाय,” अमित म्हणाला. “तू बाहेर बस.”