दांडीवरची खूण

औषधांच्या गोदामात त्यांना सगळे थांबामावशी म्हणत, आणि ते नाव त्यांनी कष्टाने कमावलं होतं. रोज सकाळी चौदा मोटारसायकली खोके घेऊन दवाखान्यांकडे निघायच्या आणि मावशींनी ऑइल बघितल्याशिवाय एकही गाडी फाटकाबाहेर जायची नाही. सपाट फरशीवर, डबल स्टँडवर गाडी सरळ उभी. इंजिन थोडं चालवून बंद. मग मावशी म्हणायच्या, "थांबा." वरचं ऑइल खाली उतरायला तीन मिनिटं लागतात, तोवर ऑइल मोजायची दांडी खरं सांगत नाही. कुणी कुरकुर केलीच, तर त्या नुसत्या चष्म्यावरून बघायच्या.

एकोणीस वर्षांपूर्वी त्या इथे गाड्या धुवायला आल्या होत्या. दांडी वाचायला जुन्या मिस्त्रींनी शिकवलं: पुसायची, आट्यांवर घट्ट फिरवून बसवायची, काढायची आणि ऑइल दोन खुणांमध्ये कुठे आलंय ते बघायचं. मिस्त्री निवृत्त झाले, तेव्हापासून मावशींच्या शब्दापुढे कुणी जायचं नाही. ऑइल बदलतानासुद्धा त्यांनी "बास" म्हटलं की कारागीर ओतणं थांबवायचा. त्यांना याचा अभिमान होता, आणि तो त्या लपवतही नव्हत्या.

सोमवारी भिंगरीच्या गाडीचं इंजिन भर रस्त्यात जाम झालं. तीन महिन्यांपूर्वी चार नव्या गाड्या आल्या होत्या, त्यांतली ती एक. भिंगरी, म्हणजे पायाला चाकं लावलेला, दोन मुलींचा बाप असलेला चालक, कोपर सोलवटून परत आला. रोजच्या नोंदींच्या वहीत मावशींच्या अक्षरात 'ऑइल पूर्ण' असं लिहिलेलं होतं. गोदामाच्या साहेबांनी ते वाचलं आणि खापर भिंगरीवर फोडलं. बेदम पळवली असणार. शनिवारपासून कामावर यायचं नाही.

"मावशी, तुम्ही पूर्ण म्हणालात म्हणूनच मी निघालो होतो," भिंगरी म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने.

तेच मावशींना जास्त झोंबलं. आपल्या दांडीवर शंका? याचे दात याच्याच घशात घालायचे, असा निश्चय करून मंगळवारी दुपारी त्यांनी उरलेल्या तीन नव्या गाड्या ओळीने उभ्या केल्या. पहिलीची दांडी बघितली. वरच्या खुणेपर्यंत ऑइल. मग खालचा बोल्ट सोडून सगळं ऑइल मापाच्या भांड्यात काढलं. टाकीखालच्या पट्टीवर एक लिटर लिहिलेलं होतं. भांड्यात आलं सातशे मिली.

दुसरीतही तेवढंच. तिसऱ्या गाडीला मावशींनी पाच मिनिटं जास्त दिली, जणू लाजेकाजेस्तव ऑइल वाढणार होतं. वाढलं नाही. गळती कुठेच नव्हती.

मग त्यांनी सीटखालची पुस्तिका काढली. तिच्यावरची प्लॅस्टिकची पिशवीसुद्धा कुणी फाडली नव्हती. चित्र साधं होतं. या गाडीत दांडी आट्यांवर नुसती टेकवायची आणि वाचायची. फिरवून बसवलेल्या दांडीच्या चित्रावर मोठी फुली होती. फिरवली की दांडी बोटभर खोल जाते आणि कमी ऑइलही पूर्ण दिसतं. जुन्या गाड्यांचा नियम त्या नव्यांना लावत होत्या, पहिल्यांदा ऑइल बदलताना "बास" म्हटलं तेव्हापासूनच. मावशी पुस्तिका घेऊन बाकावर बसल्या. भिंगरी अर्धपोटी इंजिनावर गेला होता, आणि त्याला पाठवणाऱ्या त्याच होत्या.

आजूबाजूला कुणी नव्हतं. पुस्तिका परत सीटखाली गेली असती, तर कुणाला कळलंही नसतं. मावशींना भीती वाटली, लाज तर त्याहून जास्त वाटली. पण त्या उठल्या, हात पुसले आणि वहीचं एक पान फाडून लिहायला बसल्या.

साहेबांना त्यांनी गाडीपाशीच बोलावलं. एका गाडीत सातशे मिली परत ओतलं, इंजिन चालवून बंद केलं आणि साहेबांनाही तीन मिनिटं थांबवलं.

"ही फिरवून बसवली. बघा, पूर्ण. आता नुसती टेकवते. खालच्या खुणेलाही लागलं नाही. भिंगरीचा काही दोष नाही साहेब. चूक माझी आहे."

साहेब गडबडले. "मावशी, हे लेखी द्यावं लागेल."

"आणलंय." त्यांनी पान पुढे केलं.

"मग ऑइलचं काम तुमच्याकडे ठेवता येणार नाही."

"नका ठेवू. पण या तिन्ही गाड्या नीट भरल्याशिवाय मी घरी जाणार नाही."

शनिवारी भिंगरी कामावर आला. आता ज्याची गाडी त्यानेच ऑइल बघायचं, असं ठरलं होतं. मावशी पुन्हा गाड्या धुवायच्या बादलीपाशी उभ्या होत्या, हातात फडकं, नजर जमिनीकडे. भिंगरीने त्याला मिळालेली दुसरी नवी गाडी डबल स्टँडवर घेतली, इंजिन चालवलं, बंद केलं. सवयीने मावशी पुढे झाल्या आणि घाईत त्यांचा हात लगेच दांडीकडे गेला.

"थांबा मावशी," भिंगरी म्हणाला, "तीन मिनिटं व्हायचीत."

दोघं उभे राहिले. मग त्याने दांडी काढली, पुसली, न फिरवता टेकवली आणि पुन्हा काढून मावशींसमोर धरली.

"तुम्ही म्हणालात तरच निघतो."

मावशींनी चष्मा पुसून घातला. एकदा बघितलं, दुसऱ्यांदा बघितलं.

"नीघ," त्या म्हणाल्या.