माथ्यावरची वही

आमच्या खोऱ्यातली ब्लाझेना पाहुण्यांना वालुकाश्माच्या सुळक्यांमधून दिवसभर पायी हिंडवते. पावसानंतर दोन दिवस ती कुणालाच दगडावर चढू देत नाही.

"बाई, ठणठणीत कोरडा आहे की," काल एकजण म्हणाला.

"वरून. आतून ओला असला की बिस्किटासारखा तुटतो."

वीस वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याने, ओटाकारने, इथेच विचारलं होतं, "चढू का गं?" दगडावरून घाईत हात फिरवून ती म्हणाली होती, "चढ, वाळलाय." अर्ध्यावर दगड निखळला आणि ओटाकार गेला.

प्रत्येक सुळक्याच्या माथ्यावर डब्यात वही असते. पोहोचलेला माणूस तिच्यात नाव लिहितो. काल परतताना धाकटा दीर येंडा भेटला.

"वहिनी, रविवारी त्याच सुळक्यावर जातोय. दादाचं नाव लिहून येऊ?"



"नको, भावजी. तो पोहोचला नव्हता."